ठरलेली तारीख आणि कारखान्यातील संगणक

खंडेनवमीला शस्त्रांची व अवजारांची पूजा करण्याची चाल महाराष्ट्रात फार जुनी आहे. तलवारींचे दिवस गेले, तरी सुताराचा वाकस, लोहाराचा घण आणि शेतकऱ्याचा नांगर त्या दिवशी धुऊन-पुसून पूजेला मांडला जातो. तमिळनाडूत हाच दिवस आयुधपूजा म्हणून पाळतात, आणि तेथील कारखान्यांत त्याचे महत्त्व घरातल्या सणाहून कमी नसते. २०२५ साली ही आयुधपूजा १ ऑक्टोबरला आली. त्या दिवशी लेथला, प्रेसला आणि वेल्डिंगच्या यंत्राला चंदनकुंकू वाहिले जाते. आणि अलीकडच्या रीतीप्रमाणे कचेरीतल्या संगणकालाही त्यातला वाटा मिळतो. या पूजेनंतर तेरा दिवसांनी, १४ ऑक्टोबर २०२५ या मंगळवारी, जगातील कोट्यवधी संगणक ज्या ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीवर चालत होते, तिची निर्मात्याकडून होणारी नित्याची देखभाल संपली. पूजा झाली, पण पूजलेल्या अवजाराची निगा यापुढे कोण राखणार, हा प्रश्न पुष्कळ कारखान्यांपुढे उभा राहिला.

हा प्रश्न समजावून घेण्यास चेन्नईच्या नैर्ऋत्येस, कांचीपुरम जिल्ह्यात असलेले ओरगडम हे गाव फार उपयोगी आहे. वंडलूर-वालाजाबाद आणि सिंगपेरुमाळ कोविल-श्रीपेरुंबुदूर हे दोन रस्ते येथे एकमेकांस छेदतात. मुळात हा मुलूख तळ्यांचा आणि भातशेतीचा. तमिळनाडू शासनाच्या ‘सिपकॉट’ या महामंडळाने येथे औद्योगिक वसाहत उभारली, आणि पाहता पाहता गावाचे रूप पालटले. १७ मार्च २०१० रोजी रेनॉ आणि निसान या दोन कंपन्यांच्या संयुक्त मोटार कारखान्याचे उद्घाटन झाले. २०१२ साली डाइम्लरचा मालमोटारींचा आणि २०१३ साली रॉयल एनफिल्डचा मोटारसायकलींचा कारखाना सुरू झाला. या मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणारे अनेक मध्यम आणि लहान कारखाने त्यांच्याभोवती वसले. ज्याने पुण्याजवळचे चाकण पाहिले आहे, त्याला ओरगडम परके वाटणार नाही. भाषा आणि झाडे निराळी असतील. पण भोंगे, मालमोटारींच्या रांगा, पाळी बदलताना रस्त्यावर लोटणारी माणसे आणि वेळेवर माल पोचविण्याची धास्ती ही दोन्हीकडे सारखीच.

कार्यप्रणाली, म्हणजे जिला व्यवहारात ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात ती, संगणकातील मुकादमासारखी असते. संगणकाची यंत्रसामग्री एका बाजूस आणि हिशेब ठेवणारे, आराखडे काढणारे, चिठ्ठ्या छापणारे प्रोग्राम दुसऱ्या बाजूस; या दोहोंच्या मध्ये राहून कोणाला केव्हा काय काम द्यावयाचे, कोणाला आत घ्यावयाचे आणि कोणाला दारातच थांबवावयाचे, हे ती ठरविते. एवढी मोठी रचना माणसांच्या हातून घडत असल्यामुळे तिच्यात उणिवा राहतातच. त्यांतल्या कित्येक उणिवा वर्षानुवर्षे कोणाच्याच लक्षात येत नाहीत. एखादी लक्षात आली, की निर्माता तिच्यावरील दुरुस्ती तयार करून पाठवितो. मायक्रोसॉफ्ट कंपनीने यासाठी प्रत्येक महिन्याचा दुसरा मंगळवार नेमून दिला आहे. तेव्हा विंडोज विकत घेणारा कारखानदार केवळ एक वस्तू घेत नसतो. तिच्याबरोबर काही मुदतीपर्यंतची सेवाही घेत असतो. वस्तू डोळ्यांना दिसते, सेवा दिसत नाही; म्हणून मुदतीचा विसर पडतो.

‘विंडोज १०’ बाजारात आली ती २९ जुलै २०१५ रोजी. तिच्या देखभालीची मुदत दहा वर्षांची असेल, हे प्रारंभीच सांगण्यात आले होते. म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख कोणावर अकस्मात कोसळली नाही. पण त्या तारखेचे वैशिष्ट्य असे, की ती उलटल्यावर काहीच घडत नाही. १५ ऑक्टोबरच्या सकाळी संगणक नेहमीप्रमाणे सुरू होतो, हिशेब उघडतात, चिठ्ठ्या छापल्या जातात. बेअरिंग झिजले की आवाज येतो, पट्टा सैल झाला की घसरतो. कार्यप्रणालीची देखभाल थांबली की आवाजही येत नाही आणि घसरणही दिसत नाही. म्हणूनच ‘चालते आहे तोवर चालू द्यावे’ हा कारखान्यातला एरवी शहाणपणाचा ठरणारा नियम येथे घातक होतो.

त्यातही आणखी एक गोष्ट आहे. नवी ‘विंडोज ११’ जुन्या विंडोजचीच वंशज असल्यामुळे दोघींत पुष्कळसा भाग समान आहे. नवीवर दुरुस्ती आली, की ती बारकाईने तपासून मूळ उणीव कोठे होती हे जाणकार शोधून काढू शकतात. आणि तीच उणीव जुन्या प्रणालीत असेल, तर तेथे ती तशीच उघडी राहते. शेजारच्या घराचे कुलूप बदलले, की आपल्या दारावरचे तसलेच कुलूप का बदलावे लागणार, हे चोरालाही कळते. मुदत संपलेल्या प्रणालीचा धोका असा दर महिन्याला थोडाथोडा वाढत जातो.

या धोक्याची ओळख ओरगडमला पूर्वीच झालेली आहे. १२ मे २०१७ रोजी, शुक्रवारी, ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर प्रोग्राम जगभर पसरला. तो संगणकात शिरून तेथील फायली कुलूपबंद करी आणि किल्लीच्या बदल्यात तीनशे डॉलर मूल्याचे बिटकॉइन मागे. काही दिवसांतच सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तडाख्यात सापडले. ब्रिटनमधील रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. रेनॉचे फ्रान्समधील काही कारखाने थांबले, निसानच्या इंग्लंडमधील संडरलंड येथील कारखान्याला झळ पोचली, आणि या दोन कंपन्यांच्या ओरगडममधील कारखान्याच्या कामातही व्यत्यय आला. चेन्नईपासून हजारो मैल दूर कोठे तरी पेटलेली ठिणगी एका रात्रीत येथवर आली, कारण हे सर्व कारखाने एकाच संगणकीय जाळ्याचे धागे होते.

या घटनेतील विचार करण्यासारखी बाब अशी, की ज्या उणिवेतून वॉनाक्राय आत शिरला, तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच उपलब्ध करून दिली होती. औषध दोन महिने अगोदर दाराशी येऊन ठेपले होते; पुष्कळांनी ते घेतले नाही एवढेच. बाधित संगणकांपैकी बहुसंख्य ‘विंडोज ७’चे होते, आणि तिची मुदत त्या वेळी संपलेलीही नव्हती. ज्या ‘विंडोज एक्सपी’ची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजीच थांबली होती, तिच्या मालकांना मात्र मार्चमध्ये ते औषध खुलेपणाने मिळालेच नव्हते, संकट कोसळल्यानंतर कंपनीने अपवाद म्हणून त्यांच्यासाठीही दुरुस्ती जाहीर केली. यावरून दोन निरनिराळे धोके स्पष्ट दिसतात. एक, औषध असून न घेण्याचा. दुसरा, औषधच न येण्याचा. पहिला धोका आळसाचा आहे आणि तो एका दिवसात दूर करता येतो. मुदत संपल्यावर त्याचेच रूपांतर दुसऱ्यात होते, आणि मग मालकाची इच्छा असली तरी उपाय त्याच्या हाती राहत नाही.

महाराष्ट्राला याचा अनुभव लवकरच आला. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाच्या दुसऱ्या एका हल्ल्यात मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे जगभरातील संगणक निकामी झाले, आणि न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. कोणता कंटेनर कोठे आहे आणि कोणत्या गाडीवर चढवावयाचा आहे, हे सांगणारी यंत्रणाच मुकी झाली, तेव्हा माणसांना हाताने नोंदी करून काम रेटावे लागले. त्या हल्ल्यातही मार्चमधलीच उणीव वापरली गेली होती. पण संगणकांतून चोरलेल्या परवलीच्या शब्दांच्या साहाय्याने तो दुरुस्त केलेल्या संगणकांतही शिरला. मर्स्कला सुमारे पंचेचाळीस हजार संगणक दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. तेव्हा केवळ दुरुस्त्या घेणे पुरेसे नाही. पण त्या न घेणे म्हणजे दार उघडे टाकून निजणे होय.

इतके असूनही कारखाने मागे का राहतात? त्याला कंजूषपणा हे एकच कारण नाही. कचेरीतला संगणक बदलणे आणि यंत्राला जोडलेला संगणक बदलणे यांत मोठे अंतर आहे. एखाद्या सीएनसी यंत्राला किंवा भागांची मोजणी करणाऱ्या उपकरणाला जोडलेला संगणक त्या यंत्राबरोबरच आलेला असतो. त्यात एखादे जुने कार्ड बसविलेले असते, त्याची केबल नव्या संगणकाला बसत नाही, आणि त्याचा प्रोग्राम लिहिणारी परदेशी कंपनी एव्हाना बंद पडलेली असते किंवा दुसऱ्या कोणी विकत घेतलेली असते. ‘विंडोज १०’ची ३२-बिट आवृत्ती मिळत असे, ‘विंडोज ११’ केवळ ६४-बिट आहे, त्यामुळे जुन्या उपकरणांचे ड्रायव्हर तीवर चालत नाहीत. पन्नास लाखांचे यंत्र अजून पंधरा वर्षे उत्तम काम देईल अशा स्थितीत असते, आणि त्याला जोडलेल्या चाळीस हजारांच्या संगणकाची मुदत मात्र संपलेली असते. लोखंडाचे आयुष्य आणि प्रणालीचे आयुष्य यांचा मेळ बसत नाही. कारखानदाराची खरी अडचण ही आहे.

म्हणून तयारीची पहिली पायरी खरेदी ही नव्हे. मोजदाद ही आहे. कारखान्यात संगणक किती, असे विचारले की कचेरीतले आकडे चटकन सांगितले जातात. पण वजनकाट्याच्या खोलीतला, हजेरीच्या फाटकावरचा, रंगशाळेच्या भट्टीचे तापमान नोंदविणारा, माल पाठविताना चिठ्ठ्या छापणारा, भांडारातल्या कोपऱ्यात धूळ खात चालू असलेला, असे संगणक यादीत येत नाहीत. जो यादीत नाही त्याची निगा कोणीच राखीत नाही, आणि शिरकाव बहुधा तेथूनच होतो. प्रत्येक संगणकापुढे त्याचे काम, त्याची प्रणाली, तिची आवृत्ती आणि तिच्या मुदतीची तारीख लिहिली गेली पाहिजे. आवृत्तीचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. ‘विंडोज १०’ हे नाव एकच असले तरी यंत्रांसाठी दिल्या जाणाऱ्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांच्या तारखा निराळ्या आहेत. २०१९ च्या अशा आवृत्तीची मुदत ९ जानेवारी २०२९ पर्यंत आहे. तर तिच्या मागून आलेल्या २०२१ च्या साध्या दीर्घ आवृत्तीची १२ जानेवारी २०२७ पर्यंतच. नवी ती अधिक टिकणारी, असा समज करून घेतला तर येथे फसगत होते.

यादी झाली की तिचे तीन भाग पडतात. पहिल्या भागात नवी प्रणाली स्वीकारू शकणारे संगणक येतात. ‘विंडोज ११’ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि साधारणतः २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. पुष्कळदा ही सोय संगणकात असते, पण मूळ मांडणीत बंद करून ठेवलेली असते. तेव्हा ‘हा संगणक चालणार नाही’ असा संदेश दिसताच तो भंगारात काढण्याची घाई करू नये. दुसऱ्या भागात जुने, पण साधी कामे करणारे संगणक येतात. त्यांच्या जागी नवे घ्यावेत, किंवा काम जुळत असेल तर लिनक्सच्या कुटुंबातील एखादी प्रणाली बसवावी. ‘बॉस’ ही अशी एक भारतीय प्रणाली चेन्नईतच तयार झाली. ती घडविणाऱ्या सी-डॅक या संस्थेचे मुख्य कार्यालय पुण्यात आहे. तिसरा भाग यंत्राला जखडलेल्या संगणकांचा. त्यांना बदलता येत नाही, म्हणून वेगळे ठेवावयाचे. इंटरनेट तोडावे, कारखान्याच्या जाळ्यापासून फायरवॉलने अलग करावे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पेन ड्राइव्हची तपासणी ठरवून द्यावी. ऑगस्ट २०१८ मध्ये तैवानच्या टीएसएमसी या नामवंत चिप कंपनीत एक नवे यंत्र विषाणूची तपासणी न करता जाळ्याला जोडले गेले आणि वॉनाक्रायच्याच एका भावंडाने तिचे अनेक विभाग थांबविले. मूळ वॉनाक्राय येऊन गेल्याला तेव्हा सव्वा वर्ष उलटले होते.

ज्यांना वेळ हवा आहे त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने वाढीव मुदतही विक्रीस ठेवली. उद्योगांसाठी तिचे मूल्य पहिल्या वर्षी दर संगणकामागे ६१ डॉलर असे ठरविण्यात आले, दरवर्षी ते दुप्पट होते, आणि ऑक्टोबर २०२८ नंतर ती मिळत नाही. म्हणजे तीन वर्षांत एका संगणकामागे ४२७ डॉलर जातात. आणि दुसऱ्या वर्षी जाग आलेल्याला पहिल्या वर्षाचेही पैसे भरावे लागतात. तीन वर्षांच्या या रकमेत सामान्य कामाचा नवा संगणक सहज उभा राहील. ही वाढीव मुदत ज्याच्यापुढे बदलाचा आराखडा आहे त्याला पुलासारखी उपयोगी पडते; ज्याच्यापुढे आराखडा नाही, त्याच्यासाठी ती केवळ महागडी दिरंगाई ठरते.

मग पाळी येते प्रत्यक्ष बदलाची. सर्व संगणक एका रात्रीत बदलण्याचे धाडस करू नये. प्रथम एकच संगणक घ्यावा, आणि त्यावर हिशेबाचा प्रोग्राम, चिठ्ठ्यांचा छापखाना, कर भरण्यासाठी लागणारी डिजिटल स्वाक्षरी, ई-वे बिल, ग्राहक कंपनीकडे माल रवाना झाल्याची सूचना पाठविण्याची सोय, हे सारे महिनाअखेरीच्या गर्दीतही चालते का, ते पाहावे. बदलापूर्वी बॅकअप घ्यावा. आणि घेतलेला बॅकअप दुसऱ्या संगणकावर परत उघडून पाहावा. न उघडून पाहिलेला बॅकअप हा न मोजलेल्या गल्ल्यासारखा असतो. त्यात किती आहे हे गरजेच्या वेळीच कळते. त्याची एक प्रत जाळ्यापासून पूर्णपणे अलग ठेवावी, कारण खंडणीखोर प्रोग्राम जोडलेल्या प्रतीलाही कुलूप घालतो. आणि जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी त्याच्या डिस्कवरील मजकूर नाहीसा करावा, व तो अधिकृत ई-कचरा प्रक्रियेकडेच द्यावा.

मोठ्या कारखान्यात यासाठी स्वतंत्र विभाग असतो. तीस-चाळीस माणसांच्या कारखान्यात मात्र मालकच खरेदी अधिकारी, तोच हिशेबनीस आणि तोच संगणकाचा जाणकार असतो. पण या व्यवसायाची घडण अशी, की लहान कारखान्याचे दुखणे त्याच्यापुरते राहत नाही. मोटार कारखाने भागांचा मोठा साठा ठेवीत नाहीत. भाग जवळजवळ तासांच्या हिशेबाने येत राहतात. पुरवठादाराचा संगणक बंद पडून चिठ्ठी छापली गेली नाही आणि ई-वे बिल निघाले नाही, तर भाग तयार असूनही गाडी फाटकाबाहेर पडत नाही. तिकडे जुळणीची साखळी खोळंबते. इकडे रोजंदारीवरच्या माणसाची पाळी बुडते. हल्ला संगणकावर होतो, पण त्याची भरपाई बहुधा अशा माणसाच्या खिशातून होते, ज्याने त्या संगणकाला कधी हातही लावलेला नसतो. म्हणून ही बाब केवळ तंत्रज्ञांवर सोपवून चालणार नाही. अशी घटना घडलीच, तर ती लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेला कळविले पाहिजे, असा २०२२ सालापासून नियमही आहे; त्याची माहिती मालकाच्या टेबलावर असावी.

ओरगडम असो वा चाकण, अंबड असो वा वाळूज, प्रश्न एका १४ ऑक्टोबरचा नाही. ‘विंडोज ७’ची मुदत १४ जानेवारी २०२० रोजी संपली, तेव्हाही अशीच धावपळ झाली होती, ‘विंडोज ११’ही एक दिवस याच वाटेने जाईल. संगणकाबरोबर त्याच्या मुदतीची तारीख येतेच. ती कारखान्याच्या दप्तरात लिहिलेली असली, की तिचे संकट न राहता एक नेहमीचे काम होते. कारखान्यात बॉयलरच्या तपासणीची तारीख भिंतीवर असते, अग्निशामक नळकांड्यावर पुन्हा भरण्याची तारीख चिकटविलेली असते. त्यांच्याच पंक्तीत संगणकाला बसविले पाहिजे. खंडेनवमीला सर्व अवजारे एकत्र आणून पुसण्याची जी चाल पडली, तिच्यात वर्षातून एकदा तरी प्रत्येक अवजार हाताळले जावे, त्याची धार व त्याचा दांडा पाहिला जावा, हा व्यवहारही होताच. त्याच दिवशी संगणकांची यादी बाहेर काढावी, एकेकासमोर जाऊन ती पडताळावी, आणि ज्याची तारीख पुढल्या खंडेनवमीच्या आत येत असेल, त्याच्या नावापुढे खूण करावी.